बापाच्या नावाचा रकाना

तारखा आधी देतो. माणसे नंतर.

सन १३३८ फसली, दै महिना. माझे लग्न देवळाच्या ओसरीवर लावण्यात आले, आत नाही. जबाबदार: तेव्हाचे फादर.

सन १३४० फसली, खुरदाद महिना, ईस्टरनंतरचा दुसरा रविवार. माझ्या मुलीचा बाप्तिस्मा झाला आणि नोंदवहीत बापाच्या नावाचा रकाना कोरा ठेवण्यात आला. जबाबदार: तेच फादर.

त्यानंतर कधीतरी, साल मला सांगण्यात आलेले नाही, जुन्या वहीला वाळवी लागली म्हणून नवी वही उतरवून काढली, आणि उतरवताना त्या कोऱ्या रकान्यात एक शब्द भरला. जबाबदार: देवळाचा कारकून, आणि नक्कल ताडून पाहिली म्हणून ज्याने खाली सही केली तो.

सन १३५६ फसली, तीर महिना. तो शब्द माझ्या मुलीसमोर व सुमारे पंधरा माणसांसमोर मोठ्याने वाचण्यात आला. दुरुस्तीची मागणी पुढच्याच रविवारी फेटाळली. जबाबदार: आत्ताचे फादर, आणि देवळाच्या पंचांचा मुख्य, जो रेल्वेत इंजिनखात्याचा फोरमन आहे.

शेवटचा जबाबदार मी स्वतः. त्याचे कारण योग्य जागी येईल.

ज्यांना इंग्रजी सन हवे त्यांनी दैला, म्हणजे नोव्हेंबरला, पाचशे नव्वद मिळवावेत; खुरदाद आणि तीर, म्हणजे एप्रिल आणि मे, यांना पाचशे एक्याण्णव. जबाबदारांची नावे मी लिहीत नाही, हुद्दे लिहितो. माणूस बदलून जातो, मरतो. हुद्दा जागेवर राहतो, आणि उत्तर हुद्द्याने द्यायचे असते. गाव कोणते तेही लिहीत नाही. गुलबर्गा जिल्ह्यातले रेल्वेचे गाव, एवढे पुरे. ज्याने उत्तर द्यायचे आहे त्याला आपला पत्ता माहीत आहे.

आता तीर महिन्यातला तो रविवार.

मिस्सा, म्हणजे रविवारची उपासना, संपली होती. देवळाच्या ओसरीवर कचेरीची एक खिडकी उघडते. दाखले तिथे मिळतात. मी आणि माझी मुलगी आग्नेस, वय सोळा, रांगेत उभे होतो. ऊन होते म्हणून छत्री मी तिच्यावर धरली होती. तिला मिशनच्या दवाखान्यात नर्सच्या शिक्षणासाठी जायचे होते. त्यासाठी बाप्तिस्म्याचा दाखला हवा होता. माझी बायको लुईजा आत मेणबत्ती लावायला गेली होती.

कारकुनाने वही उघडली. बोट रकान्यावरून सरकवत तो वाचू लागला. त्याला मोठ्याने वाचायची सवय आहे.

"नाव, आग्नेस. आईचं नाव, लुईजा. बापाचं नाव..."

बोट थांबले. त्याने माझ्याकडे पाहिले. मग लॅटिनमधला एक शब्द वाचला, आणि आम्हाला कळावे म्हणून त्याचा अर्थही सांगितला.

"अज्ञात. म्हंजे बाप ठाव न्हाई."

रांगेत माझ्यामागे गार्डाची बायको होती. ती शेजारणीला म्हणाली, "मग ह्यो छत्री धरून उभा हाय, त्यो कोण?"

"वाटाड्या असंल, अक्का."

त्या हसल्या. वाईट हसल्या नाहीत. ज्याला ऐकू येणार नाही त्याच्याविषयी हसावे, तशा हसल्या.

मी म्हणालो, "बाप मी आहे."

कारकून म्हणाला, "मी कुठं न्हाई म्हणायलो? वही म्हणायलीय."

मला काही वाटले नाही. हे मी मुद्दाम नमूद करतो. वाचणाऱ्याला वाटेल की अंगात आग पेटली असेल. पेटली नाही. मी छत्री मिटली. मग लक्षात आले की ऊन तिला लागते आहे. मी ती पुन्हा उघडली. एवढेच मी केले. आग्नेस माझ्याकडे पाहत नव्हती. ती वहीकडे पाहत होती.

मी कोण ते आता सांगितले पाहिजे, कारण वही सांगत नाही.

माझे गाव कल्याणीजवळ. आमच्या घरी कातड्याचे काम. विहिरीच्या मोटा शिवायच्या, बैलांच्या चाबकाच्या वाद्या कापायच्या. गावच्या मारुतीच्या देवळातला नगारा माझ्या आजोबांनी मढवला होता. दर शनिवारी नगारा आत वाजे आणि आजोबा पायरीखाली, वीस पावलांवर, उभे राहून ऐकत. वाजवणाऱ्याचा हात चुकला तर त्यांना कळे. ते मान हलवीत. आत जाऊन त्याचा कान पिळण्याचा हक्क त्यांना नव्हता. त्यांच्या हातचे कातडे आत गेले होते, ते नव्हते.

मला मशिदीच्या मदरशातल्या एका मौलवींनी उर्दू शिकवली. पहिले सहा महिने मी दारात बसलो. एक दिवस ते म्हणाले, "तेरा सबक मुझे सुनाई नहीं देता. अंदर आ." मी आत गेलो. कोणी काही बोलले नाही. इतके सोपे असते, हे मी तेव्हा शिकलो आणि पुढे विसरलो.

मोठा झाल्यावर तालुक्याच्या मुन्सफ कचेरीसमोर लिंबाच्या झाडाखाली मी अर्ज लिहू लागलो. अर्जनवीस. आमच्या राज्यात अर्जाची पहिली ओळ ठरलेली: अमुक, वल्द तमुक. बाई असेल तर बिन्त. म्हणजे अमक्याचा मुलगा, तमक्याची मुलगी. बापाचे नाव नसेल तर अर्ज पुढे सरकत नाही. वीस वर्षे मी लोकांच्या बापांची नावे लिहिली. मेलेल्यांची, पळालेल्यांची, दारूत बुडालेल्यांची. एकही रकाना मी कोरा सोडला नाही.

लुईजा त्याच झाडाखाली आली, आपल्या आईबरोबर. तिचा बाप रेल्वेत रुळांचे सांधे बदलणारा सांधेवाला होता, तो नुकताच वारला होता. रेल्वेने घर खाली करायला सांगितले होते. मुदत वाढवून मिळावी असा अर्ज हवा होता. मी उर्दूत लिहिला. ती म्हणाली, वाचून दाखवा. वाचून दाखवा म्हणणारी ती पहिलीच बाई.

मी वाचले. एका शब्दाशी तिने अडवले.

"बेसहारा म्हंजे काय लिव्हलाव?"

"निराधार."

"ते काढा. आमी दोघी हाव की एकमेकीला."

"असं लिहिलं की साहेबाला दया येते, बाई."

"दया कामून? मुदत पायजे."

मी शब्द काढला. मुदत मिळाली. त्या शब्दामुळे मिळाली असे मी म्हणत नाही. पुढे दीड वर्षाने आम्ही लग्न करायचे ठरवले, ते मात्र त्या शब्दामुळेच.

तिच्या आईची अट एकच होती: लग्न त्यांच्या धर्माच्या रीतीने. ती मी मान्य केली. मला माझ्या गावच्या देवळाने काही दिले नव्हते की ते सोडताना दुखावे. पण मी बाप्तिस्मा घेतला नव्हता, म्हणून बिशपसाहेबांची परवानगी लागली, आणि माझ्याकडून इकरारनामा, म्हणजे लेखी कबुली, लिहून घेतली गेली. देवळातला उपदेशक म्हणाला, "नेहमीचंच हाय. इथं सही करा." मी म्हणालो, आधी वाचून दाखवा. त्याने वाचले. मग तो मजकूर मी मराठीत आणि उर्दूत स्वतःच्या हाताने उतरवला, दोन प्रती केल्या, एक त्यांच्या कपाटात गेली, एक माझ्या पेटीत आहे. कलमे तीन. बायकोच्या धर्माला मी आडकाठी करणार नाही. होणारी सर्व मुले तिच्या धर्मात वाढवली जातील. दुसऱ्या कोणत्याही धर्माचा विधी करणार नाही. तिन्ही कलमे मी पाळली. एकोणीस वर्षे. एकही भंग दाखवावा.

त्यांच्याकडे रीत आहे की लग्न ठरले म्हणजे तीन रविवार वेदीवरून दोघांची नावे वाचायची. कोणाची हरकत असेल तर त्याने कळवावी. आमची नावे वाचली नाहीत. मी विचारले. उपदेशक म्हणाला, "अशा लग्नात वाचत न्हाईत." हरकत घेण्याच्या लायकीचेही आम्ही नव्हतो. लग्न ओसरीवर लागले. शहाबादी फरशी, थंड. घंटा वाजली नाही. दार उघडे होते, आतले बाक दिसत होते. प्रत्येक बाकाच्या कडेला पांढऱ्या रंगाने एकेका घराचे नाव लिहिलेले. लुईजाची आई एकटी आत गेली, गुडघे टेकून बाहेर आली, आणि म्हणाली, "झालं की. नवरा-बायको झालाव. आत काय अन् भाईर काय." लुईजाने नुसते दाराकडे पाहिले.

दोन वर्षांहून अधिक आम्ही त्या देवळात जात राहिलो. ती आत, सगळ्या बाकांच्या मागे, चटईवर. मी ओसरीवर. ज्याचा बाप्तिस्मा नाही त्याने ओसरीवर थांबावे, अशी तिथली चाल. लिहिलेली कुठे नाही. मी शोधली.

मग आग्नेस झाली.

बाप्तिस्म्याच्या दिवशी मी कचेरीच्या त्याच खिडकीबाहेर उभा होतो. आत फादर वही घेऊन बसलेले. पोर रडत होती. फादर आपल्या हिंदुस्थानीत एकेक विचारत होते, उपदेशक सांगत होता, आणि फादर लिहीत होते. खिडकीचे एक दार लावलेले होते, त्यामुळे मला वही दिसत नव्हती. पण टाक ऐकू येत होता. जाड कागदावर टाक चालतो त्याचा आवाज मला माझ्या श्वासासारखा ओळखीचा आहे. मुलीचे नाव. टाक चालला. आईचे नाव. टाक चालला.

"बाप का नाम?"

उपदेशकाने माझे नाव सांगितले. माझ्या वडिलांच्या नावासकट, स्पष्ट.

टाक चालला नाही.

फादर हळू म्हणाले, "वो तो बाप्तिस्मावाला नहीं." मग, "आगे." मग धर्ममातेचे नाव. टाक चालला.

मी ऐकले. मला कळले. एक अर्जनवीस म्हणून माझ्याइतके ते कोणालाच कळले नसते. आणि मी गप्प राहिलो. म्हणून यादीत शेवटी माझे नाव आहे.

गप्प का राहिलो, याची कारणे मी स्वतःला बरीच दिली. पोर रडते आहे. सासूबाई खिरीचे भांडे घेऊन थांबल्या आहेत. नंतर लिहितील. खरे कारण वेगळे होते. आजोबा पायरीखाली उभे राहून नगारा ऐकत, आणि ऐकू येते आहे यातच समाधान मानत. ते माझ्यात होते. खिडकीबाहेर उभा राहून मला टाक ऐकू येत होता. तेवढे मला पुरले.

घरी मी लुईजाला सांगितले नाही. पण त्या देवळात मला पुढे जावेना. मी म्हणालो, दुसरे पाहू. तिने कारण विचारले नाही. इथून आमचे देऊळ शोधणे सुरू झाले.

शहरातले देऊळ मोठे होते. तिथले फादर वृद्ध. त्यांनी मला ओसरीवर पाहिले आणि म्हणाले, "आत या, बसा." मी तिसऱ्या बाकाच्या टोकाला बसलो. शेजारी लुईजा, मध्ये पोर. पहिला रविवार बरा गेला. दुसऱ्या रविवारी बाकाच्या धन्याने विचारपूस केली. पगडीसारखी हॅट मांडीवर घेऊन बसलेला, मोठा अदबशीर माणूस.

"गाव कोणतं आपलं?"

मी सांगितले.

"तिथं कोणत्या आळीला?"

आमच्या भागात हा प्रश्न कशाचा असतो ते लहान पोरालाही माहीत आहे. मी आळी सांगितली. खोटे सांगायचे मनात आले नाही असे नाही. तिसऱ्या रविवारी आम्ही गेलो तेव्हा बाकाच्या त्या टोकाला चार प्रार्थनेची पुस्तके, एक पिशवी आणि ती हॅट अशी ओळीने मांडलेली होती. तीन माणसांच्या जागेत नेमकी. कोणी उठा म्हणाले नाही. उठायला आम्ही बसलोच नव्हतो. वृद्ध फादरांनी वेदीवरून ते पाहिले, आणि मग ते वर छताकडे पाहू लागले.

लुईजा बाहेर येऊन म्हणाली, "हॅटीला बी बाप्तिस्मा दिलाय वाटतं."

त्या वर्षात ती एवढेच काय ते हसून बोलली.

औरादच्या बाजूला, सर्व्हिस मोटारीतून उतरून दोन कोस चालत गेले की मजुरांची एक वस्ती आहे. मातीच्या भिंतींचे, गवताने शाकारलेले देऊळ. फादर तिथे वर्षातून तीनदा येतात. बाकीचे रविवार एक उपदेशक प्रार्थना घेतो. सगळे त्याला मास्तर म्हणतात. आम्ही गेलो तेव्हा सवयीने मी दाराबाहेर उभा राहिलो. मास्तर प्रार्थना थांबवून म्हणाला,

"उभं कामून ऱ्हायलाव, अप्पा? बसा की."

"मी ख्रिस्ती न्हाई."

"मी इचारलो का? बसा. उभ्या माणसानं वारा अडायलाय."

मी बसलो. जमिनीवर, सारवलेल्या. सगळेच जमिनीवर होते. लुईजा माझ्या शेजारी बसली. लग्नानंतर देवाच्या घरात ती माझ्या शेजारी अशी बसण्याची ही पहिली वेळ, जिथून कोणी उठवणार नव्हते. पोर माझ्या मांडीवर झोपली. लोक तेलुगू आणि मराठी मिसळून गात होते. छप्पर कोसळले नाही. मी गायलो नाही, हातही जोडले नाहीत, आणि त्याचे कोणाला काही पडले नव्हते. कोणी माझी सही घेतली नाही.

चौदा वर्षे आम्ही तिथे जात राहिलो. ही गोष्ट इथेच संपली असती तर मी लिहायला बसलो नसतो. पण त्या देवळात नोंदवही नव्हती. मास्तर म्हणे, "आमचा जलम बी तिकडंच लिव्हतेत, मौत बी तिकडंच." तिकडे म्हणजे रेल्वेच्या गावी, त्या खिडकीत. बसायला जागा एका ठिकाणी, नावाला जागा दुसऱ्या ठिकाणी. आणि दवाखान्याची शिक्षणाची जागा मिळवायला बसण्याची जागा चालत नाही. नावाची लागते.

आग्नेस आईबरोबर तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात पट्ट्या बांधायला शिकली होती. डॉक्टर म्हणाले, हिचा हात हलका आहे, हिला शिकवा. मिशनच्या दवाखान्याने जागा दिली. दाखला घेऊन या, म्हणाले. म्हणून सोळा वर्षांनी आम्ही त्या रांगेत उभे राहिलो. पुढचे मी वर लिहिले आहे.

त्या दिवशी परतताना मोटारीत मी लुईजाला टाकाची गोष्ट सांगितली. सोळा वर्षांनी. तिने एवढेच विचारले:

"तवाच कामून न्हाई बोललाव?"

आग्नेस पुढच्या बाकावर होती. तिने मान वळवली नाही, पण तिने ऐकले.

पुढच्या रविवारी आम्ही तिघे पुन्हा गेलो. या वेळी कचेरीच्या आत. फादर नवे, वयाने लहान, मराठी पुस्तकातून शिकलेले. शेजारी फोरमन. कारकून वही घेऊन उभा. मी पेटीतला इकरारनामा टेबलावर ठेवला.

मी म्हणालो, "तुमच्या एकाच कपाटात दोन कागद आहेत. एकात या बाईच्या होणाऱ्या सर्व मुलांचा बाप म्हणून तुम्ही माझी सही घेतली. दुसऱ्यात तिच्या मुलीचा बाप अज्ञात आहे. दोन्ही खरे असू शकत नाहीत. खोटा कोणता, ते सांगा."

फादरांनी इकरारनामा वाचला. दोनदा. ते म्हणाले, "आपले म्हणणे मला समजते. परंतु ज्यांचा बाप्तिस्मा नाही त्यांची नावे या वहीत न घेण्याचा येथे प्रघात आहे."

"प्रघात कोठे लिहिला आहे?"

ते फोरमनकडे पाहू लागले.

फोरमन म्हणाला, "कशाला ताणता? पोरीच्या भल्याचंच झालंय. तिथं अनाथ मुलींच्या राखीव जागा आहेत. बाप अज्ञात म्हटलं की कोणी काही विचारणार नाही, दाखला लगेच चालेल. मी फॉर्म भरूनच आणलाय." त्याने कागद पुढे सरकवला. खरोखरच भरलेला होता. सुवाच्य अक्षर.

फादर म्हणाले, "अथवा आपण स्वतः बाप्तिस्मा घ्यावा. मग नाव लिहिण्यास अडचण राहणार नाही."

यावर मी विचार केला नाही असे कोणी समजू नये. मास्तरच्या देवळात एक-दोनदा माझ्या मनात ते आले होते. कोणी न मागता. देवाने बोलावले असते तर मी गेलोही असतो. इथे रकाना बोलावत होता. मी नाही म्हणालो.

तेव्हा आग्नेसने फॉर्म हातात घेतला.

"अनाथ कोण?"

"कागदावर, बाई," फोरमन म्हणाला. "नुसतं कागदावर."

"माजा अप्पा कागदच लिव्हतो. कागदावरचं नुसतं नसतं." तिने फॉर्म परत टेबलावर ठेवला. "मला असं न्हाई जायाचं."

"जागा जाईल."

"जाऊ द्या."

तिचा आवाज चढला नाही. तिच्या आईनेही तेव्हा 'बेसहारा' काढा म्हणताना आवाज चढवला नव्हता. मी त्या दोघींच्या मध्ये उभा होतो, आणि मला दिसले की सोळा वर्षे मी ज्याला सहनशीलता म्हणत आलो ती सहनशीलता नव्हती. बाहेर उभे राहण्याची सवय होती. माझ्या मुलीला ती लागली नाही. मी लावली नाही असे मी म्हणू शकत नाही. तिने घेतली नाही.

फोरमन माझ्याकडे वळला. "तुमच्यासारख्यांना देवळाची ओसरी दिली, ती कमी झाली का?"

मी म्हणालो, "ओसरी परत घ्या."

कचेरीतून देवळात जायला एक आतले दार आहे. मी ते कधी ओलांडले नव्हते. मी ते ढकलले, आत गेलो, आणि पहिल्या बाकावर बसलो. बाकाच्या कडेला फोरमनच्या घराचे नाव पांढऱ्या रंगात लिहिलेले होते. लुईजा आली आणि माझ्या उजव्या हाताला बसली. आग्नेस डाव्या हाताला. कारकून धावत आला.

"उठा. अहो, उठा की. कोणी बघितलं तर?"

"बघू दे," लुईजा म्हणाली.

आम्ही बसलो. फादर दारात उभे राहिले. ते आत आले नाहीत. मला वाटले होते की इतक्या वर्षांनी तिथे बसल्यावर काहीतरी होईल. काही झाले नाही. बाक लाकडाचा होता. पाठीला जरा टोचत होता. दुपारच्या मोटारीची वेळ झाली तेव्हा आम्ही उठलो. आमच्या वेळेने.

जागा गेली. मिशनने ती दुसऱ्या मुलीला दिली. आग्नेस अजून तालुक्याच्या दवाखान्यात पट्ट्या बांधते. पुढच्या वर्षी मागेन, म्हणते. खऱ्या दाखल्यावर. नाहीतर नाही.

मी फादरांना पत्र लिहिले. उत्तर नाही. बिशपसाहेबांना लिहिले. पोच आली, उत्तर नाही. लोक मला म्हणतात, राज्य राहते की जाते अशी वेळ, गावोगाव माणसे दाराला कड्या लावून बसली आहेत, आणि तुम्ही एका ओळीसाठी लिहीत बसता. मी त्यांना सांगतो की राज्य कोणाचेही येवो, अर्जाची पहिली ओळ तीच राहणार आहे.

हे शेवटचे पत्र. याची एक प्रत फादरांना, एक बिशपसाहेबांना, एक औरादच्या बाजूला मास्तरकडे, लोकांना वाचून दाखवण्यासाठी. चौथी मी त्या देवळाच्या ओसरीच्या खांबाला स्वतः खळीने चिकटवणार आहे. तिथली फरशी माझ्या ओळखीची आहे.

मसुदा मी लुईजाला वाचून दाखवला. शेवटी मी लिहिले होते, 'नम्र विनंती की.' ती म्हणाली, "विनंती कामून?"

मी तो शब्द काढला.

मागणी अशी. नोंदवहीतला 'अज्ञात' हा शब्द खोडावा, आणि खोडला कोणी व का, हे समासात लिहावे. त्या जागी माझे नाव, माझ्या वडिलांच्या नावासह लिहावे. तो रकाना आधी कोरा कोणी ठेवला, मग भरला कोणी, नक्कल ताडली कोणी, आणि चूक दाखवल्यावर ती तशीच ठेवली कोणी, याचे उत्तर त्या त्या हुद्द्याने द्यावे. उत्तर मला खिडकीतून नको. पाकिटातून नको. लग्न ठरलेल्यांची नावे तुम्ही जिथून वाचता, त्याच वेदीवरून, मिस्सेच्या वेळी, सगळ्यांना समजेल अशा मराठीत वाचावे. आमची नावे तेव्हा वाचली नाहीत. आता वाचा. आग्नेस, बिन्त, आणि पुढे माझे नाव. तीन रविवार.

तुमच्या रीतीप्रमाणे, कोणाची हरकत असेल तर त्याने तिथेच उभे राहून सांगावी. फोरमनने सांगावी. गार्डाच्या बायकोने सांगावी. हॅटवाल्याने शहराहून येऊन सांगावी. मी ती ऐकून घेईन. आत, पहिल्या बाकावर, माझ्या बायको-मुलीच्या मध्ये.

हरकत घेणाऱ्याने उभे राहावे. मी बसलेला असेन.